खेळातले किलोमीटर तोकडे का?

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी इंदूर आणि महूकडून आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. ज्या खेळांत ठरलेली गोष्ट नसते, आपणच काहीतरी रचायचे, उडवायचे नाहीतर पाडायचे असते आणि बाकीचे भौतिकशास्त्रावर सोडायचे असते, त्यांतली मापे खऱ्या जगाशी जुळत नाहीत. त्यातली सहा पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट उडवायच्या खेळात माझं रॉकेट आरामात कक्षेत जातं. मित्राने खऱ्या आकाराच्या सूर्यमालेचा मॉड (खेळ बदलणारी जोड) टाकून दिला, तर तेच रॉकेट इंधन संपून खाली येतं. गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे ९.८१ च आहे. मग फरक कुठे पडला?
— एक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

उत्तर : त्रिज्येत. खेळातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. जमिनीलगत कक्षेत फिरत राहायला लागणारा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. त्वरण तेच ठेवून त्रिज्या साडेदहापट कमी केली की वेग सव्वातीनपट उतरतो. कर्बिनभोवती ८० किमी उंचीवर तो साधारण २,२८० मीटर प्रतिसेकंद असतो, पृथ्वीभोवती २०० किमीवर ७,७८०. हवेचा विरोध आणि चढताना गुरुत्वाकर्षणापायी वाया जाणारा वेग धरला तर जमिनीपासून कक्षेपर्यंत इंजिनांनी द्यायचा एकूण वेग, म्हणजे डेल्टा-व्ही, कर्बिनवर सुमारे ३,४०० आणि पृथ्वीवर ९,४०० च्या आसपास जातो.

पावणेतीनपट वेग म्हणजे पावणेतीनपट इंधन, असा हिशेब तू केला असशील. त्सिओल्कोव्हस्कीचे १९०३ चे समीकरण तसे चालत नाही. त्यात वेग घातांकात बसतो. इंजिनाचा विशिष्ट आवेग, म्हणजे इंधनातून जोर काढायची त्याची क्षमता, ३२० सेकंद धर. ३,४०० साठी भरलेल्या रॉकेटचे वस्तुमान रिकाम्याच्या २.९५ पट असले की पुरते, ९,४०० साठी ते २० पट लागते. आता खेळातली एफएल-टी४०० टाकी बघ. भरलेली २.२५ टन, रिकामी ०.२५ टन, म्हणजे गुणोत्तर ९. नुसती टाकीच, इंजिन आणि यान न जोडता, ९ च्या पुढे जात नाही. तिथे २० कुठून येणार? एकाच टप्प्यात ते होणेच नाही, कितीही टाक्या रच.

म्हणून ९,४०० चे तीन सारखे भाग कर, प्रत्येकी ३,१३३. दर टप्प्याला गुणोत्तर २.७ पुरेल. टप्प्याच्या वजनात टाकी आणि इंजिन मिळून १५ टक्के धरले तर प्रत्येक टप्पा आपल्या एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढे ओझे वर देतो. तीन टप्प्यांनंतर १ टन यानासाठी जमिनीवर सुमारे ५९ टन उभे करावे लागतात. याच गृहीतकांवर कर्बिनवर एका टप्प्यात साडेचार टन पुरतात. तुझे रॉकेट का पडले, ते या दोन आकड्यांत आले. वरचा टप्पा फार दुबळा ठेवू नकोस, हेही सांगून ठेवतो. कर्बिनवर चढाई तीन-चार मिनिटांत उरकते, पृथ्वीवर आठ-नऊ मिनिटे लागतात. तेवढा वेळ जोर कमी पडला तर आडवा वेग पुरा होण्याआधीच यान हवेत परत उतरते.

ग्रह लहान केला तो खेळणाऱ्याच्या सोयीसाठी. कर्बिनभोवती एक फेरी ३१ मिनिटांची, पृथ्वीभोवती ८८ ची. पण लहान ग्रहावर तेच ९.८१ ठेवायचे तर घनता वाढवावी लागते. कर्बिनची घनता दर घनमीटरला सुमारे ५८,५०० किलो निघते. पृथ्वीची सरासरी ५,५१४ आहे, आणि ऑस्मियमसारखा सर्वांत घन धातूही २२,६०० च्या पुढे जात नाही. असा ग्रह कशाचाच बनवता येणार नाही. हे खेळाचे वैगुण्य मानायचे कारण नाही. आतले नियम खरेच आहेत, फक्त त्रिज्या एकटी बदलली आहे. परतीच्या वेळी यान सहजासहजी का जळत नाही, याचेही मूळ तिथेच. खऱ्या कक्षेतल्या प्रत्येक किलोमागे ३० मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते, खेळात २.६.

प्रश्न : मी बॉक्स-टूडी हे भौतिकशास्त्राचं इंजिन वापरून कॅरम बनवतोय. मापं अगदी खरी घेतली : बोर्ड ७४ सेंटिमीटर, सोंगटी ३.१८, स्ट्रायकर ४.१३. तरी सोंगट्या कडेला चिकटून बसतात, जोरात मारलेला स्ट्रायकर कधीकधी सोंगटीच्या आरपार जातो, आणि शेवटी सगळं रेंगाळत थांबतं. खरी मापं दिली तरी खेळ खोटा का?
— महू

उत्तर : मापे खरी दिलीत म्हणूनच. बॉक्स-टूडी मीटर-किलो-सेकंदात चालते आणि १० सेंटिमीटर ते १० मीटर एवढ्या हलत्या वस्तूंसाठी जुळवलेली आहे. तुमची सोंगटी त्या पट्ट्याच्या खाली पडते. या इंजिनात काही आकडे मीटरमध्येच पक्के बसवलेले असतात आणि वस्तू लहान झाली तरी ते लहान होत नाहीत.

पहिला आकडा ५ मिलिमीटरचा. दोन वस्तू एकमेकींत तेवढ्या घुसलेल्या चालतात, नाहीतर रचलेले ठोकळे सारखे थरथरत राहतात. एक मीटरच्या पेटीला ५ मिलिमीटर दिसतही नाहीत, पण ३१.८ मिलिमीटरच्या सोंगटीचा तो सहावा हिस्सा झाला. दुसरा आकडा उसळीचा. दोन वस्तू सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेगाने भेटल्या तर इंजिन उसळी शून्य धरते, म्हणजे विटा एकमेकींवर निमूट बसतात. कॅरममधला निम्मा खेळ या वेगाच्या खालीच चालतो. तुमच्या सोंगट्या कडेला चिकटतात त्या यामुळे. उसळीचा गुणांक वाढवून काही होणार नाही.

सगळ्या लांब्या दहापट करा. सोंगटी ३१.८ सेंटिमीटर, स्ट्रायकर ४१.३, बोर्ड ७.४ मीटर, आणि कॅमेरा तेवढा मागे घ्या. आता ५ मिलिमीटर म्हणजे खऱ्यातला अर्धा मिलिमीटर, आणि उसळीची मर्यादा खऱ्यातली १० सेंटिमीटर प्रतिसेकंद. वस्तुमाने स्ट्रायकरचे १५ ग्रॅम आणि सोंगटीचे साडेपाच ग्रॅम होती तशीच किलोत वाढवून १५ आणि ५.५ ठेवा. गुणोत्तर महत्त्वाचे, आणि ते तीनच्या आत आहे. हलकी-जड वस्तू एकमेकींच्या दहापटीपलीकडे गेल्या की हे इंजिन गडबडते, इथे तो धोका नाही. वस्तुमान घनतेतून काढले जात असेल तर लांबी बदलल्यावर घनताही पुन्हा ठरवा.

लांबी दहापट केल्यावर वेगही दहापट द्यायला हवेत, आणि घर्षणाने येणारी मंदगतीसुद्धा. हे विसरले की स्ट्रायकर बोर्डभर तरंगतो. पावडर टाकलेल्या बोर्डाचा घर्षणांक उदाहरणादाखल ०.१ धरा. खऱ्यात सोंगटी दर सेकंदाला ०.९८ मीटर प्रतिसेकंदाने मंदावते, तुमच्या खेळात ती ९.८ ने मंदावली पाहिजे. बहुतेक जण इथे रेषीय डॅम्पिंग लावून मोकळे होतात. ते चूक आहे. डॅम्पिंग वेगाच्या प्रमाणात ओढते, वेग कमी झाला की ओढही कमी होते, आणि सोंगटी मुंगीच्या पावलाने सरकत राहते. तुमचे 'रेंगाळत थांबणे' ते हेच. खरे सुके घर्षण वेग कितीही असो, तेवढेच ओढते. डॅम्पिंग शून्य करा. दर पावलाला, म्हणजे इंजिनाच्या हिशेबाच्या दर फेरीला, वेगाच्या उलट दिशेने वस्तुमान गुणिले ९.८ एवढे बल लावा, आणि सेकंदाला ६० पावले असतील तर वेग ०.१६ च्या खाली आला की सरळ शून्य करा. ही शेवटची अट गाळली तर सोंगटी थांबायच्या ऐवजी मागेपुढे डुलते.

आरपार जाण्याचे कारण वेगळे. खऱ्या १० मीटर प्रतिसेकंद वेगाचा स्ट्रायकर एका पावलात १६.७ सेंटिमीटर जातो, सोंगटीच्या पाचपट अंतर. आधीच्या पावलाला अलीकडे, पुढच्या पावलाला पलीकडे. टक्कर झाली हे इंजिनाला कळतच नाही. भिंतीसारख्या स्थिर वस्तूंसाठी मधली तपासणी आपोआप होते, दोन हलत्या वस्तूंसाठी होत नाही. स्ट्रायकरला 'बुलेट' खूण लावा. सोंगट्यांना लावू नका, कारण वीसएक वस्तूंना ती लावली तर फोडीच्या वेळी फोन अडखळेल. आणखी एक मर्यादा ध्यानात असू द्या. या इंजिनाच्या जुन्या आवृत्त्यांत कोणतीही वस्तू एका पावलात २ मीटरपेक्षा जास्त सरकत नाही, म्हणजे ६० पावलांना कमाल १२० मीटर प्रतिसेकंद. दहापट मोजपट्टीवर तो खऱ्यातला १२ आला. कॅरमला पुरतो, पण मोजपट्टी शंभरपट केलीत तर स्ट्रायकर गोगलगाय होईल.

प्रश्न : मुलाने युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या राजवाड्याची सात मजली प्रतिकृती केली आणि गंमत म्हणून पाडून बघितली. खेळण्यातले ठोकळे सांडावेत तशी दिसते. रंग, सावल्या सगळं छान आहे. काय राहिलं?
— एक पालक, नारायणबाग, इंदूर

उत्तर : प्रतिकृती लहान असणार. पत्रासोबतच्या चित्रात उंची २.१ एकक दिसते, म्हणजे मुलाने १० मीटरला एक एकक धरले आहे. युनिटी मात्र एककाला मीटर समजते आणि गुरुत्वत्वरण ९.८१ लावते. मजल्याला तीन मीटर धरले तर २१ मीटरवरून निखळलेला दगड २.०७ सेकंदांत खाली येतो, २.१ वरून ०.६५ सेकंदात. डोळा इमारतीचा आकार पडण्याच्या वेळावरून ओळखतो. त्याला साततळी वाडा दिसत नाही, टेबलाएवढे काहीतरी दिसते. सिनेमावाले एक दशांश प्रतिकृती पाडताना कॅमेरा दहाच्या वर्गमूळाने, म्हणजे २४ च्या जागी सेकंदाला ७६ चित्रांच्या वेगाने चालवतात, ते याचसाठी.

आयात करतानाच्या सेटिंगमध्ये प्रतिकृती दहापट करा. पण तेवढ्यावर भागणार नाही. युनिटी नव्या वस्तूला १ किलो वस्तुमान देते आणि आकार बदलला तरी ते तसेच ठेवते. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा बेसाल्टचा दगड १५० किलोचा असतो. तेव्हा आकारमान गुणिले घनता असा हिशेब करून वस्तुमान द्या : दगडाला २,८००, सागवानाला ६५० च्या आसपास. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, हे या कामात नशीबच म्हणायचे. जड खाली, हलके वर अशी रचना इंजिन नीट पेलते. उलटे असते तर पहिल्या सेकंदालाच सगळे लटपटले असते.

मग सांध्यांची ताकद. लांबी दहापट केली की वजन हजारपट होते, पण खऱ्या सांध्याची ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर म्हणजे शंभरपट वाढते. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे मांडले होते. मोठ्या जनावराची हाडे लहानाच्या मानाने जाड का लागतात, त्याचे कारणही हेच. खेळातल्या सांध्याला हे माहीत नसते, तो तुम्ही दिलेला आकडा पाळतो. आधी तुटण्याचे बल अनंत ठेवून वाडा दोन-तीन सेकंद उभा राहू द्या, प्रत्येक सांध्यावर येणारे बल वाचून घ्या, आणि मजल्यागणिक त्याच्या तिप्पट-चौपट मर्यादा घाला. सगळ्या सांध्यांना एकच आकडा दिला तर तळमजला आपोआप कोसळतो किंवा वरचे मजले काही केल्या तुटत नाहीत.

तरीही भिंती रबरासारख्या लवत असतील तर पावलाचा काळ ०.०२ वरून ०.०१ सेकंद करा. सॉल्व्हरच्या (सांध्यांवरची बले सोडवणाऱ्या भागाच्या) फेऱ्या ६ वरून १२ करण्यापेक्षा आमचा कौल याला. खर्च साधारण सारखाच, ताठरपणा जास्त.

प्रश्न : एबी (आग्रा-मुंबई) रोडचा इंदूर ते महू हा २३ किलोमीटरचा पट्टा एकास एक मापात बनवला आहे. राजवाड्याजवळ गाडी ठीक चालते, महूजवळ स्टिअरिंग आणि आरसे थरथरायला लागतात. कॉम्प्युटर नवा आहे.
— गेम बनवायला शिकणारी, विजयनगर, इंदूर

उत्तर : कॉम्प्युटरचा दोष नाही, आकडा ठेवायच्या जागेचा आहे. युनिटीत प्रत्येक वस्तूचे स्थान ३२ बिटांच्या दशांशी आकड्यात असते आणि त्यात सार्थ बिट २४. आकडा मोठा झाला की त्याच्या शेजारच्या आकड्याशी असलेले अंतरही वाढते. उगमापासून, म्हणजे खेळातल्या जगाच्या शून्य बिंदूपासून, १० किमीवर हे अंतर सुमारे १ मिलिमीटर, तुमच्या २३ किमीवर २ मिलिमीटर, १०० किमीवर ८ मिलिमीटर, १,००० किमीवर सव्वासहा सेंटिमीटर. आरसा दोन मिलिमीटरच्या उड्या मारतो आणि कॅमेरा त्याच्या अगदी जवळ असल्याने ते डोळ्यात भरते.

थरथर तर दिसते तरी. त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. एका पावलातली हालचाल या अंतराच्या निम्म्याहूनही कमी असेल तर बेरीज होऊन आकडा होता तोच राहतो. पाऊल ०.०२ सेकंदाचे असेल तर महूजवळ सेकंदाला ५ सेंटिमीटरपेक्षा सावकाश सरकणारी वस्तू जागची हलतच नाही. उगम पृथ्वीच्या केंद्राशी ठेवून जमिनीवर गाडी चालवायची म्हटली तर अंतर अर्ध्या मीटरचे होते, आणि त्या अक्षावर ताशी ४५ किलोमीटरच्या आतली स्कूटर उभीच राहील. मोठमोठ्या खेळांनी ग्रह लहान का केले, याचे एक कारण तुम्हाला एबी रोडवरच सापडले आहे.

उगम मध्यावर, राऊच्या आसपास ठेवलात तर साडेअकरा किमी उरतात, म्हणजे थरथर निम्मी. ती मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे गाडी उगमापासून १ किमीच्या पुढे गेली की गाडीसह सगळे जग तेवढे मागे सरकवणे आणि खरे अंतर वेगळे, ६४ बिटांत मोजत राहणे. रस्ता १ किमीच्या तुकड्यांत तोडा. जग सरकवताना धूर आणि धुळीचे कण, टायरचे माग आणि तुमच्या कोडमध्ये कुठेतरी जपून ठेवलेली जुनी स्थाने हमखास मागे राहतात. दर किलोमीटरला धुराची एक लांब रेघ आडवी पळताना दिसली तर कण सरकवायचे राहिले असे समजा. अनरिअल इंजिनाने पाचव्या आवृत्तीपासून स्थाने ६४ बिटांत नेली आहेत आणि गोडो हे इंजिनही तसे बांधून घेता येते, पण एवढ्यासाठी इंजिन बदलू नका.

एकास एकचा आग्रहही तपासून बघा. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये मोकळे रस्ते १ : १९ मापात आहेत. त्या हिशेबाने इंदूर ते मुंबईचे सुमारे ५८० किमी तीसएक किमीत बसतात. खेळातले घड्याळही त्याच पटीत पळते, म्हणून वेगमापीवरचे ८० खोटे वाटत नाहीत.

प्रश्न : नातू माइनक्राफ्ट खेळतो. झाडाचा बुंधा तोडला तरी वरचं झाड हवेत राहतं. याने त्याच्या डोक्यात चुकीचं विज्ञान नाही ना बसणार?
— एक आजोबा, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : नाही बसणार, आजोबा. त्या खेळात वाळू, खडी असे मोजकेच ठोकळे पडतात; बाकीच्या बहुतेकांना आधार आहे का, हे तपासलेच जात नाही. माणूस मात्र पृथ्वीपेक्षा सव्वातीनपट त्वरणाने पडतो, दर सेकंदाला ३२ ठोकळे प्रतिसेकंद या हिशेबाने. उडी सव्वा ठोकळ्याची असल्यामुळे तेवढे त्वरण नसते तर ती तरंगती वाटली असती. दिवस २० मिनिटांचा. नातवाला एक काम द्या : ठोकळा एक मीटरचा धरून उंच मनोरा बांधायचा, माथ्यावरून उडी मारायची आणि खाली यायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजायचे. खाली पाणी ठेवायला सांगा. नाहीतर २३ ठोकळ्यांवर खेळ आटोपतो.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी पडद्यावर फिरणारी सूर्यमाला करायची आहे. खऱ्या मापात ग्रह दिसत नाहीत, मोठे केले तर एकमेकांत घुसतात. आणि घड्याळ वेगात पळवलं की गुरूचे चंद्र उडून जातात.
— नववीचा गट, तिलकनगर, इंदूर

उत्तर : आधी खरे माप एकदा कागदावर मांडा. सूर्य एक मीटरचा करून राजवाड्यासमोर ठेवला तर पृथ्वी ९ मिलिमीटरची, १०७ मीटरवर, चौकातल्या चौकातच. चंद्र तिच्यापासून २८ सेंटिमीटरवर. गुरू दहा सेंटिमीटरचा, ५६० मीटरवर. नेपच्यून साडेतीन सेंटिमीटरचा आणि सव्वातीन किलोमीटर दूर, पलासियाच्या आसपास. हे सगळे १,९२० ठिपक्यांच्या पडद्यावर एकदम बसवले तर पृथ्वीच्या वाट्याला एक ठिपकाही येत नाही.

म्हणून गणित आणि चित्र वेगळे ठेवा. गणितात खरी अंतरे मीटरमध्ये, ६४ बिटांत. ग्रहांचा आकार तिथे येऊच देऊ नका, फक्त वस्तुमान. चित्रात अंतरांना एक मोजपट्टी आणि आकारांना दुसरी. ग्रहाभोवतीच्या चंद्रांसाठी तिसरी लागेल, कारण ग्रह फुगवला की चंद्र त्याच्या पोटात जातो. तीनही मोजपट्ट्या पडद्याच्या कोपऱ्यात लिहा, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

चंद्र उडतात ते पावलामुळे. आयो गुरूभोवती साडेबेचाळीस तासांत फिरतो. तुम्ही एक दिवसाचे पाऊल घेतले असेल तर एका फेरीत दोनसुद्धा पावले पडत नाहीत, तो वळणार कधी? सर्वांत चपळ चंद्राच्या एका फेरीत निदान शंभर पावले हवीत, म्हणजे आयोसाठी २५ मिनिटांच्या आत. घड्याळ पळवायचे तर पाऊल लांबवू नका, एका चित्रात जास्त पावले टाका. पडद्यावर सेकंदाला एक दिवस दाखवायचा असेल तर सेकंदाला सुमारे ५८ पावले होतात, हे शाळेतला जुना संगणकही करील. साधी ऑयलरची पद्धत, म्हणजे आधी जागा आणि मग वेग बदलण्याची, वापरली असेल तर तीही बदला. त्यात दर फेरीला थोडी ऊर्जा फुकट वाढते आणि कक्षा हळूहळू बाहेर उलगडत जाते. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा बदला; कोडमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली की एवढ्यावरच आयो जागेवर राहतो.